आमचा आठ अक्षरी पासवर्ड

राऊटर घरात आला तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे निर्मलाबाईंनी, त्याला कुंकू लावलं. दोष त्यांचा नाही. टेबलावर ठेवलेली पांढरी चपटी डबी आणि तिच्यावर दोन उभी शिंगं. जिने आयुष्यभर तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी पूजले त्या बाईने शिंगं दिसल्यावर हात जोडायचे नाहीत तर काय करायचं? मी समजावलं, "आई, हा देव नाही. हा राऊटर आहे."

"मंग याच्यात दिवा काऊन जळून राहिला?"

दिवा होता खरा. हिरवा. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, त्यामुळे दिवा का जळतो हे मला माहीत असायचं कारण नाही. पण आमच्या घरात मी एकटाच प्राध्यापक असल्याने सगळे 'का' माझ्याच अंगावर येतात. पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या झाडीपट्टीत 'का'ला 'काऊन' म्हणतात. नुसतं 'का' म्हटलं तर प्रश्न अर्धाच विचारल्यासारखा वाटतो. हा शब्द लक्षात ठेवा. मी ठेवला नाही, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

राऊटर घरात येण्याचं कारण माझी बायको दुर्गेश्वरी, आणि तिचं कारण जर्मनी. तिचा एकुलता एक भाऊ हेमेंद्र तिकडे नोकरीला आहे. त्याला आणि रेणूला मुलगा झाला. दवाखान्याच्या कागदावर मुलाचं नाव लगेच लागलं, कारण तिकडे बिननावाचं पोर घरी नेऊ देत नाहीत म्हणे. पण कागदावरच्या नावाने आमच्याकडे कोणी कोणाला हाक मारत नाही. माझं नाव घनश्याम आहे हे माझ्या सख्ख्या काकूला माझ्या लग्नाच्या पत्रिकेवरून कळलं. हाक मारायचं नाव पाळण्यात ठेवतात, आणि ते ठेवण्याचा हक्क आत्याचा. दुर्गेश्वरीने नाव ठरवूनही ठेवलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही. विचारलं की म्हणायची, "बारशाच्या आंधी सांगाचं नसते जी."

बारसं व्हिडिओ कॉलवर करायचं ठरलं. अडचण एकच. आमचं गाव सालेकसा तालुक्यात, दरेकशाच्या वाटेवर, एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला जंगल. इथे मोबाइलचं नेटवर्क घाईतल्या पाहुण्यासारखं येतं. ओसरीत टेकतं, पाणी पितं आणि जातं. हेमेंद्रला हे माहीत होतं, म्हणून तो भाबडेपणाने म्हणाला, "ताई, नाही जमलं तर राहू दे. रेणूची मैत्रीण खुशी इथेच राहते. ती आत्या म्हणून उभी राहील."

भावाने बहिणीला काय म्हणू नये याचं जर पाठ्यपुस्तक निघालं तर हे वाक्य त्यात पहिलं येईल.

"माह्या भाच्याचं नाव खुशी ठेवन?" फोन ठेवल्यावर दुर्गेश्वरी मला म्हणाली, जणू खुशीला मीच जर्मनीत नेऊन ठेवलं होतं. "आनि मी इथं काय, खुशी मनवू?"

त्यात बारशाची तारीख पडली नेमकी आमच्या गावच्या मंडईची. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. ज्या गावची मंडई असेल तिथे त्या दिवशी झाडून सगळे सोयरे येतात. दुकानं लागतात, पाळणे फिरतात, दंडार नाचते आणि घरोघरी मोठी भांडी चुलीवर चढतात. म्हणजे त्या दिवशी आमच्या घरी निदान अर्धा तालुका जेवणार होता आणि त्याच वेळी जर्मनीत एक पाळणा हलणार होता. मधे होतो मी आणि झाडीनेट नावाची कंपनी.

झाडीनेटची फायबर वायर चौकापर्यंत आलेली होती. चौकापासून आमच्या घरापर्यंत मधे एकच खांब. तो कोणाचा हे कळल्याशिवाय त्यावर वायर टाकता येत नाही, असं कंपनीचं म्हणणं. विजेचे लोक म्हणाले, तारा आमच्या होत्या, पण त्या काढल्या, खांबाचं आम्हाला विचारू नका. मग मी एका कार्यालयात गेलो. कोणत्या ते लिहीत नाही, तिथे माझं अजून एक काम अडकलेलं आहे. तिथले साहेब म्हणाले, "असा खांब आमच्याकडे नोंदलेलाच नाही."

"पण तो तिथे आहे."

"सर, तुम्ही शिकलेले आहात. जे नोंदलेलं नाही ते कसं असेल?"

मी मोबाइलवर खांबाचा फोटो दाखवला. त्यांनी तो दोन बोटांनी मोठा केला, बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "खांबावर ही प्रवेशाची जाहिरात लावली आहे, तिला परवानगी कोणाची?"

जाहिरात आमच्याच कॉलेजची होती. मी नमस्कार करून बाहेर आलो.

वाट शेवटी शेजारच्या भैयालालभाऊंनी काढली. भैयालालभाऊ विजेच्या कामातून निवृत्त झालेले. गावात त्यांच्याशिवाय मिक्सर उघडला जात नाही आणि त्यांनी उघडला की पुन्हा बंद होत नाही. जगातल्या सर्व दुखण्यांचं मूळ अर्थिंगमध्ये आहे, अशी त्यांची श्रद्धा. त्यांच्या पत्नी फुलवंतावहिनींचे गुडघे दुखायला लागले तेव्हाही त्यांनी आधी विहिरीजवळच्या अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ टाकलं होतं.

"खांब सोडा सर," ते म्हणाले. "वायर माह्या आंब्यावरून घ्या. पन पासवर्ड मलेबी पायजे. आनि एक गोठ सांगतो, वायफायले अर्थिंग द्या."

"भाऊ, वायफायला अर्थिंग लागत नाही."

"फ्रिजच्या वक्तीबी तुमी असंच म्हनले होते."

फ्रिजचा विषय मी वाढवला नाही.

वायर आंब्यावरून आली. तंत्रज्ञ भूपेंद्र गोंदिया शहरातला, म्हणजे हिंदी बोलणारा. तो येऊन जोडणी करून गेला तेव्हा मी कॉलेजात होतो. संध्याकाळी घरी आलो तर कुंकू लावलेला राऊटर तयार. मोबाइलमध्ये वायफायचं नाव दिसत होतं, त्याखाली पासवर्डचा रिकामा चौकोन. मी भूपेंद्रला फोन लावला.

"पासवर्ड काय ठेवलाय रे?"

"कौन कौन, सर."

"कोण कोण म्हणजे? मी, माझी बायको आणि सध्या सासूबाई."

"नहीं सर. पासवर्ड. कौन कौन."

"अरे, मंडईला पाहुणे येतील. ते धरून सांगू का?"

"सर, आप कौन कौन डालिए ना."

"कोणाकोणाला टाकू? शेजारी भैयालालभाऊ आहेत, त्यांच्या आंब्यावरून वायर आलीय म्हणून त्यांना..."

माझी यादी चुलत सासऱ्यांपर्यंत पोहोचली तेव्हा पलीकडून एक खोल श्वास ऐकू आला. "सर, मॅडम से पूछ लीजिए. उन्होंने ही बताया है."

मॅडम स्वयंपाकघरात करंज्या तळत होत्या.

"दुर्गेश्वरी, पासवर्ड काय आहे?"

"काऊन?"

"लावायचा आहे म्हणून!"

"मले काय मालूम? त्यानं ठेवला असन."

इथे माझं प्रमाण मराठी संपलं. राग आला की ते आधी उतरतं. मी ओरडलो, "अवो, तो म्हनून राहिला तू सांगतला, तू म्हनून राहिली त्यानं ठेवला!"

उलगडा सासूबाईंनी केला. त्या सगळ्या वेळात राऊटरसमोर बसून होत्या. भूपेंद्रने बाहेरून विचारलं होतं, मॅडम, पासवर्ड क्या रखें? उकळत्या तेलापुढून दुर्गेश्वरी म्हणाली, काऊन? त्याने ते इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. मग म्हणाला, मॅडम, चारच अक्षरं झाली, आठ लागतील. एका करंजीचं पोट तेव्हा तेलात फुटलेलं. दुर्गेश्वरी खेकसली, "काऊन काऊन?" आणि भूपेंद्र समाधानाने म्हणाला, "हो गया."

मी के-ए-यू-एन असं दोनदा, मधे जागा न सोडता टाकलं. जोडलं गेलं. असला पासवर्ड बदलून घ्यावा म्हणून कंपनीला फोन केला, तर तो बदलण्यासाठी आणखी एक पासवर्ड लागतो, तो कंपनीच्या सर्व्हरवर असतो आणि सर्व्हर सध्या डाऊन आहे, असं कळलं.

"हे सरवर डाऊन म्हंजे काय जावाईबापू?" सासूबाईंनी विचारलं. "ब्यांकेतबी तेच म्हनतेत."

एव्हाना भैयालालभाऊ आणि फुलवंतावहिनी राऊटर पाहायला येऊन बसले होते. समोर श्रोते बसले की मला शिकवायचा मोह आवरत नाही. मी सतरंजीवर मांडी घातली. "आई, पंगत डोळ्यांपुढे आणा. आपण पत्रावळीवर बसलो. भात पाहिजे, तर आपण ओरडतो, भात! आपण मागणारे. बादली घेऊन जो वाढायला येतो तो सर्व्हर. आता वाढणारा एक आणि पत्रावळी पाचशे. दमला बिचारा, बसला खाली. सर्व्हर डाऊन."

"मंग त्याले कोन वाढते?" फुलवंतावहिनींनी विचारलं.

याचं उत्तर बहुधा इंटरनेटकडेही नसावं. मी पुढे गेलो. "जर्मनीहून व्हिडिओ येतो तो अख्खा येत नाही. तुकड्यातुकड्यांनी येतो. वऱ्हाड कसं येतं? कोणी रेल्वेने, कोणी जीपने, कोणी मोटरसायकलवर तिघं. वाटा वेगळ्या, पण मांडवात आले की पुन्हा एक वऱ्हाड. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. चौकात जो माणूस उभा राहून सांगतो, तुम्ही या घरी जा, तुम्ही त्या घरी, तो आपला राऊटर. आणि ज्या घर नंबरावरून तो सांगतो तो आयपी अ‍ॅड्रेस."

"एखादी जीप पंचर झाली तं?"

"तर बाकीचे तिची वाट पाहत बसतात. चित्र थांबतं, चाक गोल गोल फिरतं. त्याला बफरिंग म्हणतात."

"आनि त्याच जीपमंधी नवरदेव असन तं?" सासूबाई म्हणाल्या.

मला स्वतःच्या दृष्टान्ताची भीती वाटू लागली. घाईने बँडविड्थकडे वळलो आणि म्हणालो, की ती म्हणजे रस्त्याची रुंदी, एका वेळी किती गाड्या जातील ते.

"समजलं," भैयालालभाऊ म्हणाले. "बँड रस्त्यावर आला का रस्ता जाम होते. म्हनून बँडविड्थ."

"तसं नाही, म्हणजे... हो, तसंच." माणसाने कुठेतरी थांबावं.

"बाकी सारं बेस समजावलं सर. पन अर्थिंग?"

मंडई उजाडली. आमचं घर बाजाराच्या मैदानाला लागून. कुंपणाला खेटून मंडई समितीचा मांडव, त्यात भोंगा, आणि भोंग्यावर त्याही वर्षी भैयालालभाऊ, कारण ॲम्प्लिफायर तेच जोडतात आणि जोडल्यावर सोडत नाहीत. बारसं दुपारी होतं. सकाळपासून पाहुणे उतरू लागले. दुर्गेश्वरी एका चुलीवरून दुसरीवर जात होती, पण मधेच तिचे ओठ हलत. ती ते नाव मनातल्या मनात म्हणून पाहत असावी. मी जवळ गेलो की ओठ मिटायचे.

पाहुण्यांत पहिला मान धर्मेंद्रभाऊजींचा, म्हणजे माझ्या चुलत बहिणीच्या नवऱ्याचा. घरचा जावई. पाणी प्यायले, चहा हातात घेतला, मोबाइल काढला आणि मोठ्या सौजन्याने विचारलं, "वहिनी, पासवर्ड काय जी?"

दुर्गेश्वरी रस्सा ढवळत होती. "काऊन काऊन," ती म्हणाली.

कप खाली आला. "काऊन म्हंजे? पाहुना आहो मी या घरचा. पासवर्ड मांगला तं काऊन काऊन करता? माह्या खिशात नेट नाई म्हनून मांगून राहिलो का?"

आणि ते चपला शोधायला लागले. आमच्याकडे मंडईला जावई न जेवता उठला तर ती गोष्ट तीन पिढ्या पुरते. तिसऱ्या पिढीत सोयरीक मोडायला ती उपयोगी पडते. मी मागे धावलो. ते आंब्याखाली पाठ करून उभे होते.

"भाऊजी, गैरसमज झाला. पासवर्डच काऊन काऊन आहे."

"आता तुमीबी इचारता?"

"विचारत नाही, सांगतोय."

"काय सांगता?"

"काऊन काऊन."

त्यांनी उजवी चप्पल चढवली. मी मराठीत दोन पदव्या घेतलेला माणूस, आणि एका शब्दाच्या शेवटी प्रश्नचिन्ह नाही, एवढं मला त्या आंब्याखाली सिद्ध करता येईना. शेवटी भैयालालभाऊ आले, त्यांनी भाऊजींचा मोबाइल ओढून घेतला, अक्षरं टाकली आणि परत दिला. भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. आणि असे हसले की डावी चप्पल पायातून उडाली.

इथे प्रकरण मिटायला हवं होतं. पण धर्मेंद्रभाऊजींना ही गंमत एकट्याच्या पोटात मावेना. ते मंडईभर फिरले आणि भेटेल त्याला म्हणाले, "सरांच्या घरी जाय, वहिनीले पासवर्ड इचार. बम मजा येते." माणसं येऊ लागली. फाटकातून ओरडायची, "वहिनी, पासवर्ड काय?" आतून कावलेला आवाज यायचा, "काऊन काऊन!" पासवर्ड गुप्त ठेवायचा असतो, हे मी आदल्या दिवशी सतरंजीवर बसून समजावलं होतं. आमचा पासवर्ड असा, की तो नाकारायला गेलं तरी सांगितला जात होता.

उरलेलं भैयालालभाऊंनी पूर्ण केलं. हरवलेल्या एका पोराच्या आणि सापडलेल्या एका छत्रीच्या सूचनेनंतर भोंग्यावरून आवाज आला, "जनतेच्या सोयीसाठी सांगन्यात येते का दोनोडे सरांच्या घरी वायफाय चालू हाये. पासवर्ड काऊन काऊन. इंग्रजीत टाकाचा. मधात जागा सोडू नये."

मी आयुष्यभर गावात वाचनालय व्हावं म्हणून भाषणं केली. एका वेळी इतकी माणसं माझ्या घराकडे वळलेली मी कधी पाहिली नव्हती. कुंपणावर माणसं, गेटवर माणसं, उभ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं. सिग्नल जिथे चांगला येतो तिथे गर्दी होते, हे पाहून जिलेबीवाल्याने आपली कढई आमच्या भिंतीला आणून लावली. दंडारीत बाईचं काम करणारा कलावंत साडीचोळी, लाली लावून माझ्या जास्वंदीला टेकला होता आणि कुस्तीचा व्हिडिओ पाहत होता. "सर, स्पीड बेस हाये," त्याने मला शाबासकी दिली.

बारशाची वेळ झाली. दुर्गेश्वरी नवं लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून मोबाइलसमोर बसली. कॉल लागला. पडद्यावर रेणू आली, तोंड उघडलं, आणि उघडंच राहिलं. चाक गोल गोल फिरू लागलं.

"नवरदेवाची जीप पंचर," सासूबाई म्हणाल्या.

चित्र पुन्हा हललं तेव्हा फुलांनी सजवलेला पाळणा दिसला, रडून लाल झालेलं पोर दिसलं, आणि पाळण्याच्या उशाशी उभी, पैठणी नेसलेली एक तरुण बाई दिसली. ती खुशी असणार. हेमेंद्रचा आवाज तुकड्यातुकड्यांनी आला. मधली सगळी पॅकेटं कुठेतरी जंगलात राहिली, पण नको ती तेवढी बरोबर पोहोचली: "ताई... उशीर... खुशी... तयार आहे."

दुर्गेश्वरीने मोबाइल आणखी जवळ ओढला. नाव म्हणायला ओठ उघडलेले होते, ते तसेच राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला प्रश्नही सुचत नाही असं मी पहिल्यांदाच पाहिलं.

मी कुंपणाशी धावलो. "बंधूंनो आणि भगिनींनो," मी म्हणालो, "बँडविड्थ ही सामायिक संपत्ती असून..."

"एक मिनट सर," ट्रॉलीतून कोणी म्हणालं, "लोड होऊन राहिला."

परत आलो तर भैयालालभाऊ भोंगा सोडून आमच्या घरात. राऊटरच्या एका शिंगाला त्यांनी तांब्याची तार गुंडाळली होती आणि तिचं दुसरं टोक खिडकीतून बाहेर सोडून ते खाली मिठाचं पाणी ओतत होते. मी त्यांना काही म्हणणार, एवढ्यात दुर्गेश्वरी उठली. चालू कॉलचा मोबाइल एका हातात, पदर कमरेला. ती सरळ फाटकातून मांडवात गेली आणि मोकळा माइक उचलला.

"आयका जी सारे!" भोंगा किंचाळला. पाळणे फिरायचे थांबले. "माह्या भावाच्या पोराचा बारसा हाये, परदेशात. आत्या मी आहो. तुमी इथं मोबाइल पाहून राहिले आनि तिकडं परकी बाई माह्या भाच्याच्या कानात नाव सांगून राहिली. दहा मिनटं वायफाय बंद करा. जो नाई करन, त्याच्या घरच्या बारशात मी सारी मंडई जेवाले घेऊन येईन."

शेवटचं वाक्य पोहोचलं. कुंपणावर एकेक पडदा मिटत गेला. जिलेबीवाल्याने कढईतून झारा काढला आणि आधी मोबाइल बंद केला. दंडारीतल्या बाईने डोक्यावरून पदर घेतला.

आणि दुर्गेश्वरीच्या हातातलं चित्र चालू झालं. काच पुसावी तसं स्वच्छ. पाळणा हलताना दिसला, पोराच्या कुंचीवरचे मोतीसुद्धा दिसले. पोर अजून रडत होतं. खुशी दोन पावलं मागे सरली. दुर्गेश्वरीने मोबाइल तोंडाजवळ धरला. दुसऱ्या हातात माइक होता हे ती विसरली होती.

"कुर्र्र्र..." ती म्हणाली.

त्याच क्षणी मैदानाच्या पार मागच्या टोकाकडून, पान खाऊन परतलेले आणि यातलं काहीही न ऐकलेले धर्मेंद्रभाऊजी ओरडले, "वहिनी, माहा नेट चालला गेला नं! पासवर्ड बदलला का? आता काय हाये?"

सकाळपासून ज्या प्रश्नाला तिने एकच उत्तर दिलं होतं, त्याला तिने मान न वळवता तेच दिलं.

"काऊन काऊन!"

भोंग्यातून ते दरेकशाच्या डोंगरापर्यंत गेलं. मोबाइलमधून जर्मनीत गेलं. या वेळी एकही पॅकेट हरवलं नाही.

पाळण्यातलं रडणं थांबलं. पोराने डोळे मोठे करून आवाजाच्या दिशेने पाहिलं, आणि बोळकं पसरून हसलं.

"अय्या, काऊ!" रेणू म्हणाली. ती नाशिकची. "काऊ ना, ताई? किती गोड! चिऊ-काऊतला काऊ!" खुशीने टाळ्या वाजवल्या. हेमेंद्र मात्र आमच्याच मातीतला. ताई काय म्हणाली ते त्याला पक्कं कळलं होतं. त्याने तोंड उघडलं, बायकोकडे पाहिलं, हसणाऱ्या पोराकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. इकडे मैदानातही टाळ्यांचा कडकडाट झाला. "काऊनकाऊन," जिलेबीवाला शेजाऱ्याला म्हणाला, "तिकडलं नाव असन."

दुर्गेश्वरीचा चेहरा मला दिसत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. महिनाभर ओठांआड जपलेलं नाव आता ती उच्चारणार, असं मला वाटलं. माझ्या शेजारी उभ्या सासूबाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी माझा दंड धरला. पोर हसतच होतं.

"हो," दुर्गेश्वरी मोबाइलमध्ये म्हणाली. "काऊच." आणि डोळे पुसायला तिने पदर घेतला तो माइकवरून गेला, त्यामुळे तेही सगळ्या गावाने ऐकलं.

"पाहा," भैयालालभाऊ खिडकीतून रिकामी बादली हलवत मला म्हणाले. "अर्थिंग देल्ली आनि चालू झाला. तुमी आयकत नाई."

गावात आजही तेच खरं मानतात. शिंगाची तार काढायची नाही, असं फुलवंतावहिनींनी मला बजावलं आहे. भूपेंद्र आला तेव्हा तार आणि आत झिरपलेलं कुंकू पाहून म्हणाला की वॉरंटी गेली. सर्व्हर उठून बसल्यावर त्याने नवा पासवर्ड दिला, पण तो कोणाच्याच लक्षात राहीना. शेवटी जुनाच पुन्हा ठेवला.

काऊ आता बोलायला लागला आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर येतो आणि आत्याशी झाडीबोलीत बोलतो. तिकडे बर्फ काऊन पडते, आजीच्या तोंडात दात काऊन नाई, फुफाजीच्या, म्हणजे आत्याच्या नवऱ्याच्या, डोक्यावर केस काऊन नाई. हेमेंद्र म्हणतो, नावाचा गुण आहे. शेवटच्या प्रश्नावर आमचा कॉल नेहमी कटतो. मीच कट करतो.

परवा यंदाच्या मंडईसाठी सासूबाई आल्या, आल्याआल्या त्यांनी राऊटरला ताजं कुंकू लावलं. हिरवा दिवा जळत होता. दुर्गेश्वरी करंज्या तळायला बसली होती. आजवर मी तिला एकच गोष्ट अनेकदा विचारली आहे, ती पुन्हा विचारली.

"आता तरी सांग. तेव्हा तू खरं नाव कोणतं ठरवलं होतंस?"

तिने झाऱ्याने करंजी उलटवली. तेलाकडेच पाहत म्हणाली, "काऊन?"